एक टन ऊस: साखर काढायची की इथेनॉल? हिशेब मांडून बघू

ब्रिक्स_बाण्णव (धागाकर्ता)

पेट्रोलात मिसळायच्या इथेनॉलच्या बातम्या कायम कोटी लिटरांत येतात, त्यामुळे नेमकं कुणाला काय सुटतं ते कळतच नाही. म्हणून एकाच टनाचा हिशेब इथे टंकतो. चुकलं असेल तिथे ठोका.

गृहीत: उतारा (उसातून निघणारी साखर) ११ टक्के, साखरेचा कारखान्यावरचा दर किलोला ३८ रुपये (हा हलता आकडा आहे, आपापला घाला), इथेनॉलचे दर २०२४-२५ च्या पुरवठा वर्षाचे.

साखर तीन वेळा उकळून काढतात: ए, बी, सी. तिन्ही झाल्यावर उरतं ते सी हेवी मोलॅसिस (दाट काळा पाक). दुसऱ्या उकळीनंतर थांबलात तर बी हेवी. साखर उकळायच्या पॅनपर्यंत गेलाच नाहीत तर रस किंवा सिरप.

सी हेवी: साखर ११० किलो, म्हणजे ४१८० रुपये. मोलॅसिस साधारण ४५ किलो, त्यातून १०.८ लिटर, दर ५७.९७, म्हणजे ६२६. एकूण ४८०६.

बी हेवी: साखर १५ किलोने घटून ९५ किलो, ३६१० रुपये. इथेनॉल २० लिटर, दर ६०.७३, म्हणजे १२१५. एकूण ४८२५.

थेट रस: साखर शून्य. इथेनॉल ७२ लिटर, दर ६५.६१, म्हणजे ४७२४.

तिन्ही वाटांत मिळून शंभर रुपयांचा फरक! मग गेल्या सात-आठ वर्षांत एवढ्या डिस्टिलऱ्या कशासाठी उभ्या राहिल्या?

---

खोडवा

कशासाठी, ते रोख पैशात आहे. टनामागच्या एकूण बेरजेत शोधून सापडणार नाही.

ऊस आला की चौदा दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६. तुमच्या ११ टक्क्यांना ती ३८०.९५ होते, म्हणजे टनाला ३८१० रुपये. (आपल्याकडे यातूनच तोडणी-वाहतूक कापून शेतकऱ्याच्या खात्यावर जाते, हे वेगळं सांगायला नको.) म्हणजे ४८०० पैकी ३८१० रुपये पंधरवड्यात हवेत. साखर मात्र केंद्राच्या मासिक कोट्यानेच विकता येते. डिसेंबरात भरलेलं पोतं पुढच्या सप्टेंबरात गोदामाबाहेर पडलं तरी नवल नाही, आणि तोवर तारण कर्जाचं मीटर चालू. तेल कंपन्या इथेनॉलचे पैसे साधारण एकवीस दिवसांत देतात.

आणखी एक, सभासदांसाठी. बी हेवी केलं की उतारा कमी दिसतो, म्हणून एफआरपीही कमी, असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. वळवलेली साखर उताऱ्यात परत मिळवूनच एफआरपी काढायची असते. कारखान्याच्या अहवालात 'इथेनॉलकडे वळवल्यामुळे घटलेला उतारा' हा रकाना वेगळा असतो. तो बघितल्याशिवाय भांडायला जाऊ नका आणि गप्पही बसू नका.

---

तोटा_खाते

खोडवा यांच्याशी सहमत, पण आकड्यात घाला म्हणजे मजा कळेल.

सी सोडून बी घेतलं तर १५ किलो साखर सोडली आणि इथेनॉलचे ५८८.५ रुपये जास्त आले. भागाकार करा: ३९.२३. म्हणजे साखर ३९ रुपये २३ पैशांच्या खाली असेल तरच बी हेवी परवडतं, असं कागद म्हणतो.

पण ते जादाचे ९.२ लिटर फुकट तयार होत नाहीत. वाफ, रसायनं, स्पेंट वॉशची (अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची) विल्हेवाट धरून लिटरमागे पाच रुपये धरा (गृहीतच, प्रकल्पागणिक बदलेल). ४६ रुपये गेले, तोल ३६.१७ वर आला. ३८ च्या साखरेला बी हेवी तोट्यात!

आता खोडव्याचं व्याज घाला. १५ किलोचे ५७० रुपये आठ महिने अडकले, दहा टक्क्यांनी ३८ रुपये. तोल पुन्हा ३८.७० वर. म्हणजे सगळा निर्णय साखरेच्या दीड-दोन रुपयांवर आणि गोदामातल्या महिन्यांवर लटकलाय. मार्चात साखर वर सरकली की चीफ केमिस्ट पुन्हा सी उकळायला का घेतो, त्याचं उत्तर हेच.

खरं दुखणं वेगळं आहे. बी हेवीचा ६०.७३ आणि रसाचा ६५.६१ हे दर २०२२-२३ मध्ये ठरले ते तिथेच. त्या वर्षी एफआरपी ३०५ होती, २०२५-२६ ला ३५५. कच्चा माल सोळा टक्क्यांनी महाग, पक्का माल जागच्या जागी. जानेवारी २०२५ मध्ये वाढ मिळाली ती फक्त सी हेवीला, ५६.५८ वरून ५७.९७.

शिवाय धोरणाचा भरवसा. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, केंद्राने रस-सिरपापासून इथेनॉल बंद केलं. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेपुरती ढील दिली. निर्बंध पूर्ण उठले ऑगस्ट २०२४ मध्ये. व्याज सवलतीचं कर्ज काढून सिरपवर बेतलेला प्रकल्प तो हंगाम काय करणार? बँकेचा हप्ता काही 'उठेपर्यंत थांबतो' म्हणत नाही.

---

वॉश_टाकी

पैशाचं झालं असेल तर जरा टाकीत डोकवा. लिटरचा खर्च खरा तिथे ठरतो.

किण्वनाचं मूळ गणित: एक किलो साखरेतून (सुक्रोज) कागदावर ०.६८ लिटर अल्कोहोल, प्रत्यक्षात ८८-९० टक्के कार्यक्षमतेने ०.६१ च्या आसपास. धागाकर्त्यांच्या १५ किलोला ९.२ लिटर बरोबर जुळतात. पण रसाचे ७२ लिटर जुळत नाहीत. ११० किलो साखर गुणिले ०.६१४ अधिक मोलॅसिसचे १०.८, म्हणजे ७८. टनाला ७०-७२ हा सरकारी कागदातला सरसकट आकडा आहे, तो कमी उताऱ्याच्या उसाला लागू. ७८ धरलेत तर रसाचे ५११८ रुपये होतात आणि तुमची क्रमवारीच उलटते. दुरुस्त करा.

आता बिघडतं कुठे ते.

मोलॅसिस ८५ ब्रिक्सच्या वर असतं (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या साखर-क्षारांचं टक्क्यांतलं प्रमाण), ते पातळ करून १८-२२ वर आणतात, यीस्ट घालतात, पीएच साडेचारच्या आसपास, तापमान ३० ते ३३. चोवीस ते छत्तीस तासांत आठ ते दहा टक्के अल्कोहोलचा वॉश तयार. यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, म्हणून वॉश सतत प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (पाण्याने थंड करणाऱ्या संचातून) फिरवायचा. एप्रिल-मेमध्ये कूलिंग टॉवरचं पाणीच २८-३० वर येतं, वॉश ३५-३६ ला चढतो, यीस्ट दमतं, साखर उरते. उरलेल्या साखरेवर लॅक्टिक बॅक्टेरिया ताव मारतात. चिन्हं ठरलेली: पीएच घसरतो, व्होलाटाइल ॲसिड वाढतं, वास आंबूस होतो, फेस चढून मॅनहोलमधून बाहेर. अशा वेळी अँटीफोम ओतत बसणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर धुणं. सुरुवातीचा ब्रिक्स दोन अंशांनी उतरवा, एक्स्चेंजरच्या प्लेटा उघडून स्केल (क्षारांचा थर) काढा, टाकी कॉस्टिक आणि वाफेने धुऊन ताजं यीस्ट द्या.

एक टक्का अल्कोहोल घसरलं तर काय बिघडतं? नऊ टक्के वॉशला एक लिटर स्पिरिटमागे ११.१ लिटर वॉश लागतो, म्हणजे खाली दहा लिटर स्पेंट वॉश. आठ टक्क्यांना साडेबारा लिटर वॉश, साडेअकरा लिटर स्पेंट वॉश. दिवसाला ६० हजार लिटरच्या प्रकल्पात सहाशे घनमीटरचे सहाशे नव्वद झाले. बाष्पीभवन संच सहाशेलाच बसवलेला असतो. मग लगून (स्पेंट वॉशचा तलाव) भरत जातं, पाहणीला प्रदूषण मंडळ येतं, आणि गाळप सुरू असताना डिस्टिलरी बंद. मुळाशी प्लेटांवरचा दोन मिलिमीटर स्केल!

स्पेंट वॉशचा सीओडी (प्रदूषणाचं माप) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या पुढे, नदी-नाल्यात थेंब सोडायची सोय नाही. तो ५५-६० ब्रिक्सपर्यंत आटवून बगॅस (उसाचा चोथा) किंवा कोळशाच्या जोडीने बॉयलरमध्ये जाळतात. राखेत पोटॅश भरपूर, म्हणून ती खत म्हणून विकली जाते (केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये टनाला ४२६३ रुपये भाव ठरवला). पण तेच पोटॅश आणि क्लोराइड बॉयलरच्या नळ्यांवर वितळून काचेसारखं बसतं. ड्राफ्ट (धुराच्या वाटेतला दाबफरक) वाढू लागला की समजायचं, साफसफाईचा बंद जवळ आला.

---

सिव्ह_३ए

+१. पुढचा टप्पा जोडतो.

साध्या ऊर्ध्वपातनाने ९५ टक्क्यांच्या आसपास गाडी अडते, कारण तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात (७८.१५ अंशांना). पेट्रोलात मिसळायला ९९.५ च्या वर हवं. त्यासाठी झिओलाइटच्या मण्यांच्या दोन टाक्या, म्हणजे मॉलिक्युलर सिव्ह. छिद्र तीन अँगस्ट्रॉमचं. पाण्याचा रेणू २.८ चा, तो आत शिरतो, इथेनॉलचा ४.४ चा, तो पुढे जातो. एक टाकी काम करते तेव्हा दुसरी निर्वातात वाळते, काही मिनिटांनी अदलाबदल.

मणी मरतात ते वाफेबरोबर द्रव थेंब आल्याने. सुपरहीटर नीट तापायच्या आधी फीड (आत येणारी अल्कोहोलची वाफ) उघडला की मणी तडकतात, भुकटी होते, प्रॉडक्ट फिल्टर तुंबतो. टाकीवरचा दाबफरक वाढतोय आणि मालातलं पाणीही वाढतंय, दोन्ही एकदम दिसलं तर भुकटी समजा. दाबफरक जागच्या जागी आणि फक्त पाणी वाढतंय, तर व्हॅक्यूम पंप बघा. फीड ९२-९३ टक्क्यांच्या खाली गेला असेल तर दोष सिव्हचा नाहीच, रेक्टिफायरकडे (आधीच्या ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याकडे) चला.

आणि इतकी मेहनत करून टँकर डेपोवरून परत येतो तो धुतल्यावर न वाळवल्याने. वीस हजार लिटरच्या टँकरमध्ये शंभर लिटर पाणी राहिलं की सरळ अर्धा टक्का वाढला. साठवण टाकीच्या श्वासनळीवर सिलिका जेलचा डबा असतो, त्यातले निळे दाणे गुलाबी पडले तरी बदलत नाहीत, तेही एक कारण.

---

गावठी_शास्त्र

एक शंका. 'मळी' म्हणजे मोलॅसिस की प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ)? बातम्यांत दोन्ही अर्थाने वाचलंय.

---

खोडवा

दोन्ही. काही ठिकाणी तर स्पेंट वॉशलाही मळीच म्हणतात, आणि 'शेतात मळी टाकली' यावरून भांडणं होतात. प्रेसमड टाकली असेल तर खत, कच्चा स्पेंट वॉश ओतला असेल तर जमिनीचं वाटोळं. म्हणून या धाग्यावर मोलॅसिसच लिहूया.

---

मकाबाजार

सगळे उसातच अडकलेत. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १०५० कोटी लिटर मागितले, त्यात साखर उद्योगाच्या वाट्याला २८ टक्क्यांच्या आसपास. बाकी धान्य, आणि त्यात मका पहिला.

मक्याचा हिशेब: टनातून ३८० लिटर, दर ७१.८६, म्हणजे २७,३०७ रुपये. हमीभाव क्विंटलला २४०० धरला तर मकाच २४,००० चा. लिटरमागे ६३ रुपये कच्च्या मालातच संपले. उरलेल्या तेहेतीसशेत एन्झाइम, इंधन, मजुरी, व्याज बसवा बघू! बसत नाही. तो भरून काढतो डीडीजीएस, म्हणजे वाळवलेला चोथा, टनामागे साधारण तीनशे किलो. पशुखाद्यवाल्यांनी भाव दिला तर प्रकल्प चालतो. आणि सगळ्यांनीच एकदम डीडीजीएस बाजारात ओतला की भाव बसतो, सोयापेंडही सोबत घेऊन बसतो. लातूर-अकोल्याच्या सोयाबीनवाल्याला इथेनॉलचा चटका असा आडून लागतो.

प्रक्रियेत एकच सावधगिरी सांगतो. मक्यात स्टार्च असतो, साखर नसते. दळून, ८५-९० अंशांना अल्फा अमायलेजने पातळ करायचा, मग ३२ वर आणून ग्लुकोअमायलेज आणि यीस्ट एकत्र. पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका स्वस्त मिळतो म्हणून घेतात. अल्कोहोलमध्ये अफ्लाटॉक्सिन जात नाही, पण स्टार्च निघून गेल्याने चोथ्यात ते जवळजवळ तिप्पट दाट होतं. दुभत्या जनावरांच्या खाद्यात असला चोथा गेला तर विष दुधात उतरतं. मका स्वस्तात आणि डीडीजीएस नापास, हा खोटा फायदा.

एफसीआयचा (अन्न महामंडळाचा) तांदूळ वेगळं प्रकरण: २०२४-२५ मध्ये किलोला साडेबावीसने, टनाला ४५०-४७० लिटर, म्हणजे कच्चा माल लिटरला ४९ च्या आसपास आणि दर ५८.५०. खाण्याचा तांदूळ गाडीत घालावा का, यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

---

पेट्रोलपंपू

हे सगळं कारखान्याचं झालं. गिऱ्हाईक विचारतं, वीस टक्के स्वस्त इथेनॉल घातलं तर पेट्रोल स्वस्त का नाही?

---

तोटा_खाते

कारण ते स्वस्त नाही. जुलै २०२५ अखेर वाहतूक आणि जीएसटी धरून इथेनॉलची सरासरी खरेदी लिटरला ७१.३२ रुपये होती, सरकारनेच सांगितलेला आकडा. आणि त्या लिटरात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश: इथेनॉलमध्ये २१ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. ऊर्जेच्या मापाने ७१.३२ भागिले ०.६६, म्हणजे १०८ रुपये. पंपावरच्या पेट्रोलशी हे ताडू नका, पंपाच्या भावात अबकारी, व्हॅट, कमिशन सगळं आहे. करांआधीच्या भावाशी ताडा, मग कळेल मिश्रणाचा पंपावरचा भाव का उतरत नाही.

ब्राझीलमध्ये पंपावर दोन नळ्या वेगळ्या असतात आणि लोक तोंडी हिशेब करतात: इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. २००३ पासून तिकडे दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आहेत, म्हणून निवड आहे. आपल्याकडे नळी एकच, निवडायचं काय?

फायदा नाही असं नाही. परकीय चलन वाचतं, शेतकऱ्याकडे पैसा जातो, आणि ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याचं माप) १०८ च्या पुढचं आहे. पण ऑक्टेनचा लाभ घ्यायला इंजिनचं कॉम्प्रेशन वाढवावं लागतं. जुन्या इंजिनाला जास्त ऑक्टेन म्हणजे टकलाला कंगवा.

---

टॅपेट

गाडीचं मी लिहितो. या विषयावर व्हॉट्सॲपने जेवढा गाळ साठवलाय तेवढा टाकीतही नसेल.

ॲव्हरेज: ई २० मध्ये (वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण) शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा पावणेसात टक्के कमी, ई १० पेक्षा साडेतीन टक्के कमी. नीती आयोगाच्या आराखड्यातही जुन्या चारचाकींना ६-७, दुचाकींना ३-४ आणि ई २० साठी बसवलेल्यांना १-२ टक्के घट धरली होती. कुणी पंचवीस टक्के सांगत असेल तर टायरची हवा, ब्रेक आणि एअर फिल्टर आधी बघा.

इंजेक्शनची गाडी: ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असल्याने ईसीयू (इंजिनचा संगणक) स्वतःच इंधन वाढवतो. ओबीडी रीडर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू किती टक्के इंधन वाढवतोय तो आकडा) बघा. ई १० वर बसवलेल्या गाडीत ई २० ने ते तीन ते पाचने वर जाईल, इतकंच. दहाच्या वर असेल तर इथेनॉलला शिव्या देऊ नका. इनटेकला हवा गळतेय, फिल्टर तुंबलाय किंवा पंप दमलाय.

कार्ब्युरेटरची बाइक: हिला सेन्सर नाही, ती कोरडी (हवा जास्त, इंधन कमी) चालते. लक्षणं: थंडीत चोक जास्त वेळ, थ्रॉटल सोडताना सायलेन्सरमध्ये फट्फट्, प्लग पांढुरका. ई १० पासून ई २० ला सव्वाचार-साडेचार टक्के इंधन जास्त लागतं. केहिन कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारी भोकं) व्यासाने मोजतात, १०० नंबर म्हणजे एक मिलिमीटर. क्षेत्रफळ साडेचार टक्के वाढवायला व्यास दोन-सव्वादोन टक्के, म्हणजे १०० च्या जागी १०२. त्यापुढे जाऊ नका. आधी पायलट स्क्रू पाव फेरा बाहेर काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं.

रबर: जुना नायट्राइल पाइप, फ्लोट बाउलचं गॅस्केट, पेट्रोल कॉकचं वॉशर फुगतात, मग कडक होऊन चिरतात. बदलताना एफकेएम रबर मागा, दुकानदार 'व्हायटन' म्हटलं की ओळखतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत रबर आणि धातू ई २० धरूनच आहेत, तिथे हात लावायची गरज नाही.

गाळ: इथेनॉल टाकीतला जुना लाखेसारखा थर सोडवतं. म्हणून जुन्या गाडीचा फिल्टर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर बदलायचा, सर्व्हिसची वाट बघायची नाही.

---

गावठी_शास्त्र

पंपावर नेमकं किती टक्के मिसळलंय हे घरी कळतं का?

---

टॅपेट

कळतं. १०० मिलीचा काचेचा मोजपात्र घ्या, बूच असलेला. १० मिली पाणी, त्यात निळ्या शाईचा थेंब. वर पेट्रोल १०० च्या खुणेपर्यंत. हलवा, मधेमधे बूच ढिलं करून दाब सोडा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं आणि निळा थर वाढतो. थर २८ वर थांबला तर १८ मिली इथेनॉल, भागिले ९०, म्हणजे वीस टक्के. एक-दोन टक्के इकडेतिकडे होणारच. उघड्यावर करा, आसपास काडी-विडी नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

---

पेट्रोलपंपू

याच प्रयोगात पाण्याची भानगड दिसते. साधं पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही, पाणी तळाशी बसतं आणि काढता येतं. इथेनॉलवालं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं. ई १० साधारण अर्धा टक्का, ई २० त्याहून जास्त. हद्द ओलांडली की दोन थर: खाली पाणी आणि इथेनॉल, वर ऑक्टेन गमावलेलं पेट्रोल. गारठ्यात ही हद्द आणखी खाली येते. दुपारी स्वच्छ दिसलेलं पेट्रोल पहाटे दुधाळ, ते यामुळे.

म्हणूनच इथेनॉल रिफायनरीत किंवा पाइपलाइनमध्ये घालत नाहीत, शेवटी डेपोवर मिसळतात. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाळ्यात मॅनहोलमधून पाणी शिरतं. डिपरॉडला (टाकीची पातळी मोजायच्या दांडीला) लावायची जुनी पाणी-पेस्ट इथेनॉलवाल्या थराला नीट रंग बदलत नाही, इथेनॉलसाठीची वेगळी पेस्ट येते, तीच लावायची. फिल्टरमधून माल दुधट दिसला की नोझल बंद.

---

टॅपेट

दुचाकीवाल्यांनी हे वाचाच. पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या खाचेत पावसाचं पाणी साठतं, ते खाली सोडायला बारीक नळी असते. मातीने ती बुजली की खाचेतलं पाणी झाकणाच्या रबराखालून टाकीत. बारा लिटरच्या टाकीत ई १० ला साठ मिली पाणी पुरतं, अर्धा कप चहा! जूनच्या आधी त्या छिद्रात पातळ तार घालून वरून पाणी ओतून बघा, खाली जमिनीवर थेंब पडले पाहिजेत. थर वेगळे झालेच असतील तर 'मिसळून घेऊ' म्हणून नवीन पेट्रोल ओतू नका. टाकी आणि बाउल पूर्ण रिकामे करा.

---

जुगाडू_नंबर१

रेक्टिफाइड स्पिरिट मिळालं तर घरीच मिसळलं तर? ९५ टक्के आहे की.

---

सिव्ह_३ए

नाही. पेट्रोलात वीस टक्के घातलंत तर त्यातल्या पाच टक्के पाण्यामुळे मिश्रणात एक टक्का पाणी आलं, आणि डिसेंबरच्या पहाटे टाकीत दोन थर. शिवाय परवान्याशिवाय स्पिरिट बाळगणं हा राज्य उत्पादन शुल्काकडचा गुन्हा. औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचाही अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ८ विरुद्ध १ ने सांगितलंय.

---

वॉश_टाकी

पण जुगाडूंच्या प्रश्नात एक दाणा आहे. पाणी असलेलं इथेनॉल *एकटं* जाळायला काहीच हरकत नसते. भांडण पेट्रोलशी आहे. ब्राझीलमध्ये शंभर टक्क्यांवाल्या नळीत पाण्यासकटच इथेनॉल असतं, सिव्हचा खर्चच नाही. नागपुरात ऑगस्ट २०१४ मध्ये स्कॅनियाची बस चालवून पाहिली होती, तिचं इंधन ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट घ्यायला मदत करणारी रसायनं. डिझेलच्या धर्तीचं इंजिन, कॉम्प्रेशन २८ ला १, कारण इथेनॉल दाबाने सहजी पेटत नाही.

आणि फलटणच्या निंबकर संस्थेने (नारी) तर ५०-६० टक्के इथेनॉलवर चालणारी स्वयंपाकाची शेगडी आणि कंदील तयार केले. निम्मं पाणी असल्याने सांडलं तरी भडका नाही, आणि असलं पातळ स्पिरिट काढायला वाफही कमी लागते. गोड ज्वारीचा 'मधुरा' वाणही तिथलाच, उसापेक्षा कितीतरी कमी पाण्यात येणारा. अडतं ते परवान्यावर: शेगडीत घालायचं ते ग्लासातही जाईल, ही सरकारची भीती.

---

मकाबाजार

भीती खोटी नाही हो. :)

---

ब्रिक्स_बाण्णव

वॉश_टाकी, रसाचा आकडा दुरुस्त केला: ७८ लिटर, ५११८ रुपये. तोटा_खाते यांचा पाच रुपये प्रक्रिया खर्च तिन्हींना लावला तर सी हेवी ४७५२, बी हेवी ४७२५, रस ४७२८. म्हणजे पुन्हा सगळे एका ओळीत, आणि साखरेचं गोदामाचं व्याज अजून धरायचंय. रस आणि सिरप टिकत नाही, हंगामातच संपवावा लागतो, तर मोलॅसिस साठवून डिस्टिलरी पावसाळ्यातही चालते, हे या हिशेबात कुठे बसवायचं?

---

वॉश_टाकी

घसाऱ्यात. हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांचा. फक्त सिरपवरची डिस्टिलरी उरलेले दिवस कुलपात, व्याज मात्र ३६५ दिवसांचं. म्हणूनच हल्ली नवे प्रकल्प दुहेरी काढतात, हंगामात सिरप आणि नंतर मका. फक्त मोलॅसिसची टाकी ४०-४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आतून आपोआप तापत जातं, फेसाळून काळं पडतं आणि साखर करपते. बाहेरून पाणी मारून उपयोग नाही, पंपाने फिरवून कूलरमधूनच काढावं लागतं.